व्हिक्टोरिया गोदीतले दोन तास

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत झालेला स्फोट आपल्यापैकी बहुतेकांना एका वाक्यात ठाऊक असतो. दारूगोळ्याने भरलेली बोट पेटली आणि गोदी उडाली. बोट पेटल्याचे कळणे आणि गोदी उडणे, यांच्यामध्ये दोन तास गेले, ही गोष्ट त्या वाक्यात हरवून जाते. मला ती दाखवली माझ्या मामांनी. ते व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होते. आयुष्याचा मोठा भाग पाण्यावर काढून ते निवृत्तीनंतर नाशिकला, गोदावरीच्या काठी येऊन राहिले. या स्फोटाविषयी ते बोलायचे तेव्हा आगीच्या लोळापाशी किंवा मृतांच्या आकड्यापाशी थांबत नसत. किती वाजता कोणाला काय माहीत होते, आणि त्या क्षणी काय करता आले असते, हे ते विचारत. पुढचा घटनाक्रम मी त्यांच्या त्या प्रश्नाला धरून लावला आहे.

स्फोटाला ५० दिवस

२४ फेब्रुवारी १९४४. इंग्लंडमधल्या बर्कनहेड बंदरातून 'फोर्ट स्टिकिन' सुटली. ७,१४२ टनांची मालवाहू बोट, १९४२ साली कॅनडातल्या प्रिन्स रूपर्टला बांधलेली. युद्धात पाणबुड्या बोटी बुडवत होत्या त्याच वेगाने नव्या बोटी हव्या होत्या, म्हणून एकाच नमुन्यावर भराभर बांधलेल्या 'फोर्ट' बोटींपैकी ही एक. आत तिहेरी प्रसरणाचे वाफेचे इंजिन. वाफ तीन सिलिंडरांतून एकापाठोपाठ एक फुगत जाते आणि तिच्यातला शेवटचा जोरही वापरला जातो, अशी ती जुनी, भरवशाची रचना. मामांच्या पिढीने शिकताना हीच इंजिने आधी हाताळली आणि मग ती डिझेलकडे वळली.

पोटात १,३९५ टन स्फोटके. त्यात टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे, आणि त्यांतली २३८ टन तर अतिसंवेदनशील 'अ' वर्गातली. शिवाय पेट्यांत बंद स्पिटफायर विमाने. आणि सोने. ३१ लाकडी पेट्या, प्रत्येक पेटीत चार विटा, म्हणजे १२४ विटा. एकेक वीट १२.७ किलोची. त्या काळच्या भावाने किंमत सुमारे ८ लाख ९० हजार पौंड.

हे सोने रुपया सावरण्यासाठी येत होते, आणि इथे आमच्या नाशिकचा धागा लागतो. युद्धाचा हिंदुस्थानातला खर्च सरकार मोठ्या प्रमाणात नव्या नोटांवर भागवत होते आणि नोटा छापल्या जात होत्या नाशिकरोडला, १९२८ पासून चालू असलेल्या करन्सी नोट प्रेसमध्ये. बाजारात पैसा वाढला, माल नव्हता, भाव भडकले. ऑगस्ट १९४३ पासून रिझर्व्ह बँक ब्रिटिश आणि अमेरिकी सरकारांच्या वतीने सोने विकून तो जादा पैसा ओढून घेण्याचा प्रयत्न करत होती. नाशिकरोडची छपाई आणि बर्कनहेडहून निघालेल्या त्या पेट्या एकाच हिशेबाच्या दोन बाजू होत्या.

स्फोटाला ५ दिवस

जिब्राल्टर, पोर्ट सैद करत बोट मार्चअखेर कराचीला आली. विमाने तिथे उतरवली गेली आणि होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या कोठारात, जागा झाली. युद्धाच्या दिवसांत रिकामी जागा घेऊन कोणतीही बोट निघत नसे. म्हणून त्या जागेत कापसाच्या ८,७०० गाठी भरल्या गेल्या. वंगणाच्या तेलाची पिंपे, लाकूड, भंगार लोखंड, गंधक, राळ, मासळीचे खत, तांदूळ हेही चढले.

कापसाच्या गाठी दोन नंबरच्या होल्डमध्ये तळाला गेल्या. त्यांच्या वरच्या मजल्यावर स्फोटके होती. कॅप्टन अलेक्झांडर नेस्मिथ यांनी अशा सरमिसळीला हरकत घेतली. ती नोंदली गेली आणि माल तरीही चढला.

या नोंदीपाशी मामा नेहमी थांबत. दाबून बांधलेली कापसाची गाठ वरून विझली तरी आतून धुमसत राहू शकते. तेल लागलेला कापूस तर बाहेरून ठिणगी नसतानाही तापू शकतो. बोटीवर काम करणाऱ्या कोणत्याही इंजिनिअरला हे पहिल्या वर्षात शिकवतात. कॅप्टनला ते माहीत होते, म्हणूनच त्यांनी हरकत घेतली. "बोटीवर सगळ्यात धोकादायक गोष्ट कुठली ठाऊक आहे?" मामा मला विचारायचे. "नोंदवून घेतलेली हरकत. ती लिहिली, की प्रत्येकाला वाटतं आपलं काम झालं."

९ एप्रिलला बोट कराचीहून निघाली.

स्फोटाला दोन दिवस

१२ एप्रिल, बुधवार. 'फोर्ट स्टिकिन' भरतीच्या पाण्यावर व्हिक्टोरिया गोदीत आली आणि एक नंबरच्या धक्क्याला लागली.

युद्धापूर्वी असे होऊ दिले गेले नसते. दारूगोळा आणणाऱ्या बोटीने गोदीबाहेर, खोल पाण्यात नांगर टाकायचा आणि माल छोट्या पडावांतून उतरवायचा, असा नियम होता. युद्धाच्या घाईत तो सैल केला गेला. धोकादायक माल असल्याची खूण म्हणून लाल बावटा लावण्याची पद्धत होती. तो लावला गेला नाही. त्यामुळे शेजारच्या बोटींना आपल्या बाजूला काय उभे आहे हे कळायला मार्गच नव्हता.

आणि ही गोदी एकाकी नव्हती. व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या दोन्ही गोद्या जोडून, बोटींनी भरलेल्या. सिंदिया कंपनीची 'जलपद्म', ब्रिटिश इंडियाची 'बरोडा', नॉर्वेची 'बेलरे', कितीतरी. गोदीच्या भिंतीपलीकडे धान्याची गोदामे आणि मांडवी-मस्जिद बंदरची दाट वस्ती.

बोटींच्या इंजिनरूममध्ये तेव्हा कोणती माणसे असत, हेही आठवायला हवे. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर भट्टीत कोळसा टाकणारा तो आगवाला, यंत्रांना तेल घालणारा तेलवाला, त्यांच्यावर टंडेल, सारंग, आणि सगळ्यांच्या वर चीफ इंजिनिअर, ज्याला खलाशी बडा मिस्त्री म्हणत. यातले कितीतरी कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांच्या आयुष्याविषयी आपल्याकडे फार थोडे लिहिले गेले आहे. भट्टीसमोर चार तासांची पाळी, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास. अंगावर ओले फडके, पायाखाली लोखंड. टॉर्पेडो लागला तर तो बहुधा याच भागाला लागतो आणि शिडी चढून वर यायला वेळ नसतो, हे युद्धात प्रत्येकाला ठाऊक होते. तरी ते पुढच्या फेरीला सही करत. घरी मनिऑर्डर जायची असे.

बोट लागल्यावर माल उतरवायला सुरुवात झाली, पण संथपणे. स्फोटके घ्यायला येणारे पडाव वेळेवर आले नाहीत. तेवढ्यात इतर माल काढला जात राहिला. स्फोटके जिथल्या तिथे राहिली. आणि धक्क्याला लागलेल्या बोटीवर इंजिनिअर जे करतात तेच इथेही झाले. समुद्रात न करता येणारी दुरुस्ती करण्यासाठी इंजिन उघडले गेले.

स्फोटाला साडेतीन तास

शुक्रवार, १४ एप्रिल. दुपारी साडेबारा. गोदी कामगारांची जेवणाची सुट्टी. होल्डमधली माणसे वर आली, होल्डची झाकणे म्हणजे हॅच उघडेच.

त्याच तासाभरात शेजारच्या बोटींवरच्या काहीजणांना 'फोर्ट स्टिकिन'च्या वायुनळ्यांतून बारीक धूर निघताना दिसला. त्यांनी पाहिला आणि ते आपापल्या कामाला लागले. बोटीवर इतकी माणसे आहेत, त्यांना कळले असेलच, असा प्रत्येकाचा समज. त्यांना दोष द्यायला माझे मन होत नाही. लाल बावटा असता तर त्यांतला एखादा तरी धावला असता.

आग कशाने लागली हे पक्के सिद्ध झाले नाही. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने घातपाताची शक्यता नाकारली. कोणाच्या तरी विडी-सिगारेटच्या थोटकाची शक्यता सर्वांत जास्त मानली गेली.

स्फोटाला दोन तास

जेवणाची सुट्टी संपवून कामगार परत आले आणि दोनच्या सुमारास दोन नंबरच्या होल्डमधून धूर येताना त्यांनी पाहिला. ओरडाओरड झाली. बोटीवरच्या माणसांनी आणि धक्क्यावर तैनात अग्निशमन पथकाने नळ सोडले.

सव्वादोनच्या सुमारास अग्निशमन दलाला वर्दी गेली. पण ती नेहमीच्या आगीची वर्दी म्हणून गेली, त्यामुळे आधी दोनच बंब आले. खाली स्फोटके आहेत हे बंबवाल्यांना बोटीवर पोहोचल्यानंतर कळले. मग पुढची कुमक मागवली गेली.

स्फोटाला दीड तास

आता आग कुठे आहे हा प्रश्न. धूर इतका दाट की होल्डमध्ये उतरणारा माणूस दोन पावलांपुढे पाहू शकत नव्हता. मूळ सापडत नव्हते. म्हणून वरून पाणी, आणखी पाणी. पुढच्या तासाभरात ९०० टनांपेक्षा जास्त पाणी त्या होल्डमध्ये ओतले गेले.

एका दुपारी मामांनी जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मला हा होल्ड काढून दाखवला होता. लाल पेन्सिलीने तळाशी कापूस. मध्ये एक रेघ, तो मधला डेक. त्याच्यावर चौकटी चौकटींत स्फोटके. मग त्यांनी निळ्या पेन्सिलीने पाणी भरायला सुरुवात केली. एक रेघ, दुसरी रेघ. पाण्याची पातळी चढू लागली तशी त्यांनी कापसाची लाल गाठ खोडली आणि थोडी वर काढली. पुन्हा पाणी, पुन्हा गाठ वर. "कापूस तरंगतो," ते म्हणाले. "पेटलेली गाठ पाण्यावर तरंगत वर जाते. आग विझवायला जे पाणी सोडलं, तेच तिला स्फोटकांपर्यंत उचलून नेत होतं."

मी विचारले, "मामा, तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं?" त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि एकदम दुसऱ्याच बोटीची गोष्ट सांगितली.

सुएझ कालवा बंद होता तेव्हाची, म्हणजे १९६७ ते १९७५ च्या मधली. युरोपला जायला आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जावे लागे. त्या वळशाच्या समुद्रात दुपारच्या पाळीवर त्यांच्या डिझेल इंजिनच्या एका सिलिंडराखाली आग लागली. स्कॅव्हेंज फायर. पिस्टनखालच्या हवेच्या पेटीत साठलेले तेलकट काजळ पेटते. बाहेर काही दिसत नाही. पेटीचा पत्रा तापतो, रंग फुगतो. मामांना ती कळली ती हाताच्या पाठीने. पत्रा किंवा बेअरिंग तापले का हे इंजिनिअर तळहाताने नाही, बोटांच्या मागच्या बाजूने पाहतात. चटका बसला तर हात मागे ओढला जातो आणि तळहात कामाला शाबूत राहतो. ही सवय त्यांना इतकी होती की घरी पोळी भाजतानाही तवा ते तसाच तपासायचे.

त्या आगीवर उपाय ठरलेला. इंजिनचा वेग कमी करायचा, त्या सिलिंडरचे इंधन तोडायचे, वंगण वाढवायचे, आणि पेटीचे झाकण उघडायचे नाही. झाकण उघडले की हवा आत जाते आणि आग बाहेर येते. एक तरुण इंजिनिअर झाकणाच्या नटवर पाना लावून उभा होता. मामांनी त्याचा हात धरून त्याला मागे ओढले. त्या झटापटीत वाफेच्या नळीला टेकून त्यांचा उजवा हात भाजला. तो डाग शेवटपर्यंत होता. पेटी गार होईपर्यंत सगळे उभे राहिले आणि बोट पुढे गेली.

"बंद जागेतली आग पाण्याने विझवायची नसते," ते म्हणाले. "तिचा श्वास बंद करायचा. हॅच लावायचे, वायुनळ्या बुजवायच्या, आत वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड सोडायचा. पण तुझ्या त्या बोटीवर कापसावर दारू होती. हॅच लावून तासन्‌तास वाट बघायची हिंमत कोणाला होणार? आणि हॅच उघडं ठेवून ती विझणार कशी? कराचीला माल भरला तेव्हाच हे दोन्ही रस्ते बंद झाले होते."

स्फोटाला सव्वा तास

लष्कराच्या दारूगोळा विभागातले अधिकारी कॅप्टन ब्रिनली ओबर्स्ट बोटीवर आले. मालाचा नकाशा पाहिला. ही बोट उडाली तर सगळी गोदी जाईल, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांचा सल्ला, बोट इथेच बुडवा.

पण ती बुडणार कुठे? गोदीत बोटीच्या तळाखाली पाणीच थोडे. तळाच्या झडपा उघडल्या असत्या तरी बोट थोडी खाली बसून चिखलाला टेकली असती आणि स्फोटके पाण्याबाहेरच राहिली असती.

स्फोटाला पन्नास मिनिटे

बोटीच्या डाव्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या वर, एका जागी रंगाला फुगे यायला लागले. आग कुठे आहे याचे उत्तर बाहेरून मिळाले. मामांनी हाताच्या पाठीने जे ओळखले असते ते आता सर्वांना दिसत होते.

पत्रा कापून तिथून थेट आगीवर पाणी मारावे असे ठरले. गॅस कटर आणला. तो चाललाच नाही.

याच सुमारास गोद्यांचे व्यवस्थापक कर्नल सॅडलर आले. त्यांचे म्हणणे, बोट ओढून समुद्रात न्या. अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स यांना ते पटेना. बोट धक्क्यापासून हलली की किनाऱ्यावरचे नळ तुटणार आणि आग मोकळी सुटणार. त्यात बोटीचे इंजिन उघडलेले. स्वतःच्या बळावर ती एक इंचही सरकू शकत नव्हती. टग लागणार, गोदीतून वाट काढावी लागणार.

तिघांच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि माझ्या मते शोकांतिका नेमकी इथे आहे. दारूगोळ्याचा जाणकार एक सांगतो, बंदराचा जाणकार दुसरे, आगीचा जाणकार तिसरे, आणि बोट ज्यांच्या ताब्यात आहे ते कॅप्टन नेस्मिथ मध्ये उभे. बोट कॅप्टनची, माल लष्कराचा, धक्का पोर्ट ट्रस्टचा, बंब शहराचे. या चौघांवर हुकूम चालवेल असा एकही माणूस त्या धक्क्यावर नव्हता. त्या वेळी उपलब्ध असलेला कोणताही निर्णय धोक्याचा होता. पण निर्णयच न होणे हा त्यातला सर्वांत वाईट निर्णय ठरला. भल्या माणसांनी, धैर्याने, प्रत्येकाने आपापले काम करत तो ओढवून घेतला.

हुकूम देणारा एकच असणे म्हणजे काय, हे मामांनी अनुभवले होते. इराण-इराक युद्धाच्या काळात ते आखातातून जाणाऱ्या बोटीवर होते. टँकरांवर क्षेपणास्त्रे पडत होती. ते सांगायचे, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जाताना इंजिनरूममध्ये खाली आम्हाला काहीच दिसायचे नाही, तिथे खिडकी नसते. पण ब्रिजवरून टेलिग्राफवर हुकूम आला की तो पुन्हा विचारायचा नाही, एवढे ठरलेले. हुकूम चुकीचा निघाला तरी त्याचा जबाब वरचा देईल. खालचा माणूस हात चालू ठेवू शकतो तो एवढ्याच भरवशावर. व्हिक्टोरिया गोदीत वरून हुकूम देणारेच कोणी नव्हते.

स्फोटाला सोळा मिनिटे

तीन पन्नास. होल्डमधून आता ज्वाळा वर येत होत्या. बोटीत भरलेले पाणी उकळत होते. बोट सोडण्याचा हुकूम झाला.

लोक उतरले, काही उड्या मारून. कॅप्टन नेस्मिथ, सगळे उतरले का हे पाहायला पुन्हा बोटीवर गेले. बंबवाल्यांतले कितीतरी धक्क्यावरून नळ धरून होते. आणि शेजारच्या बोटींवर, धक्क्यांवर, गोदामांच्या दारांत माणसे उभी राहून आग बघत होती. त्यांना दूर जायला सांगायला कोणी गेले नाही.

४ वाजून ६ मिनिटे

पहिला स्फोट. बोटीचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. कुलाबा वेधशाळेतल्या भूकंपमापकावर नोंद झाली, आणि सुमारे १,४०० किलोमीटरवरच्या सिमल्यालाही यंत्रांनी हादरा टिपला. पेटता कापूस, पेटते लाकूड, तापलेल्या लोखंडाचे तुकडे शहरावर बरसले. आजूबाजूच्या वस्त्यांत जागोजाग आगी लागल्या. गोदीतले पाणी लाटेसारखे उसळले आणि 'जलपद्म'चा मागचा भाग उचलून शेडच्या छपरावर नेऊन ठेवला.

बर्जोरजी मोतीवाला नावाच्या निवृत्त इंजिनिअरांच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, छप्पर फोडून सोन्याची एक वीट येऊन पडली. त्यांनी ती सरकारला परत केली.

त्यानंतर २८ मिनिटांनी

४ वाजून ३४ मिनिटे. दुसरा स्फोट, बोटीच्या मागच्या भागातला. पहिल्या स्फोटानंतर जखमींना उचलायला आणि नव्या आगी विझवायला जे धावून आले होते, ते या वेळी तिथे होते.

अकरा बोटी बुडाल्या किंवा बुडू लागल्या. सगळ्या मिळून सत्तावीस बोटींना फटका बसला. अधिकृत आकड्यानुसार ७४० माणसे मेली, त्यांत ४७६ लष्करी, आणि सुमारे १,८०० जखमी झाली. अनधिकृत अंदाज यापेक्षा खूप मोठे आहेत. ६६ अग्निशमन जवान गेले. कॅप्टन नेस्मिथ आणि कर्नल सॅडलर दोघेही गेले. मुंबईत सुमारे ८० हजार माणसांची घरे गेली. पन्नास हजार टनांहून अधिक धान्य नष्ट झाले. बंगालमध्ये लाखो लोक भुकेने मरून तेव्हा वर्षही झाले नव्हते.

लष्करी माणसांची यादी होती, बंबवाल्यांची होती. रोजंदारीवर गोदीत येणाऱ्या हमालांची आणि बोटींवरच्या सगळ्या आगवाल्यांची अशी नीट यादी कोणी ठेवली होती? ज्यांचे नाव कुठल्या हजेरीपटावर नव्हते त्यांना मृतांच्या यादीतही जागा मिळाली नाही. एकूण आकड्यात इतकी तफावत राहण्यामागे हे मोठे कारण असावे असे मला वाटते. सोन्याच्या विटांचा हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून काटेकोर ठेवला गेला. पुढची कित्येक वर्षे गोदीचा गाळ काढताना त्या सापडत राहिल्या आणि सरकारजमा होत राहिल्या.

दुसरा दिवस आणि पुढे

१५ एप्रिल. ही बातमी जगाला प्रथम सांगितली ती जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओ सायगॉनने. हिंदुस्थानात सेन्सॉर होता. वार्ताहरांना सविस्तर बातमी पाठवायची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. कोकणातल्या घरांनी आपला माणूस कुठल्या बोटीवर होता, ती बोट कुठल्या गोदीत होती, हे त्या दिवसांत कुणाला विचारले असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. मग ८,००० माणसे सात महिने राबली, सुमारे पाच लाख टन ढिगारा हलवला आणि गोद्या पुन्हा चालू केल्या. बुडालेल्या बोटी वर काढणे, फुटलेल्या भिंती बांधणे, पाणी उपसणे, हे सगळे युद्ध चालू असताना झाले. मामा या भागाविषयी बोलू लागले की त्यांचा आवाज बदलत असे. पंप, टग, क्रेन, पाणबुडे, वेल्डर, मिस्त्री. त्यांच्या मते जगातली सर्वांत मोठी इंजिनिअरिंगची कामे अशीच होतात. त्यांवर शिल्पकाराचे नाव कोरलेले नसते.

१४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि तिथून आठवडा चालतो. नाशिकलाही तो पाळतात. त्या आठवड्यात मला वाटते की आगीची प्रात्यक्षिके दाखवताना एक गोष्ट जोडावी. वर्दी देताना आग कुठे आहे याबरोबर आत काय साठवलेले आहे हेही सांगायचे. आमच्या अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायने, रंग, प्लास्टिक, कापूस एकमेकांशेजारी गोदामांत असतात. दारावरची एक नीट पाटी, आणि मालाचा नकाशा कुणाच्या हाती असेल हे आधी ठरलेले असणे, यावर बंबवाल्यांचे प्राण अवलंबून असतात. १९४४ साली दोनच बंब का आले याचे कारण यात आहे.

गोदीच्या पाण्याने पुढेही बरीच वर्षे त्या बोटीचा माल परत दिला. २०११ साली, स्फोटानंतर ६७ वर्षांनी, मुंबई बंदरात आणखी एक तोफगोळा सापडला. तो जिवंत होता.